मोलेसरशास्त्री आणि शब्दांची परीक्षा

परीक्षा जवळ आली की इंग्रजीच्या पुस्तकातील शब्दांच्या याद्या पाठ करण्याचा उद्योग सर्वत्र सुरू होतो. वहीच्या पानाच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस त्याचा मराठी अर्थ. उजवी बाजू तळहाताने झाकायची, डावीकडचा शब्द वाचायचा आणि अर्थ आठवला की तो शब्द आपल्याला 'आला' असे समजून पुढे जायचे. शंभरापैकी नव्वद अर्थ आठवले तर नव्वद शब्द आले. परीक्षकही बहुधा असाच हिशेब करतात. आणि तरीही ह्याच नव्वद शब्दांतील एखादा स्वतःच्या वाक्यात वापरण्याची वेळ आली, की लेखणी अडखळते. मग तो शब्द खरोखर आला होता काय? शब्द येणे म्हणजे तरी नेमके काय? आणि तो आला की नाही, हे मोजायचे कसे?

प्रश्न इंग्रजीच्या वर्गातला असला तरी त्याचे उत्तर शोधताना मला एका अशा माणसाचे चरित्र फार उपयोगी वाटले, की ज्याने ही परीक्षा उलट्या दिशेने दिली. आपण मराठी माणसे इंग्रजी शब्दांशी झगडतो. तो इंग्रज होता आणि मराठी शब्दांशी झगडत होता. त्याची परीक्षा तीन तासांत आटोपली नाही. त्याच्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे तीत गेली, प्रकृती गेली, आणि तिची उत्तरपत्रिका आज आपल्यासमोर जाडजूड ग्रंथाच्या रूपाने उभी आहे. हा माणूस म्हणजे मराठी-इंग्रजी कोशाचा कर्ता जेम्स टॉमस मोल्सवर्थ. त्या काळच्या आपल्या लोकांनी त्यांचे परके नाव आपल्या जिभेला रुळवून घेतले आणि त्यांना मोलेसरशास्त्री म्हटले. परक्या माणसास शास्त्री ही पदवी लोकांनी आपण होऊन द्यावी, ह्यातच त्यांच्या परीक्षेचा निकाल आला, असे म्हणावयास हरकत नाही.

मोल्सवर्थ यांचा जन्म १५ जून १७९५ रोजी झाला. आज ज्या वयात आपण महाविद्यालयात पाऊल टाकतो, साधारण त्याच वयात, म्हणजे १८१२ च्या सुमारास, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. कंपनीच्या सैन्यातील तरुण अंमलदाराला देशी भाषा शिकणे केवळ हौसेचे नव्हते. शिपाई एका भाषेत बोलत, हुकूम दुसऱ्या भाषेत सुटत आणि मधली दरी भरून काढणाऱ्या दुभाष्याला पलटणीत मान असे. भाषेची परीक्षा दिली की बढतीची वाट सुकर होई. मोल्सवर्थ यांनी हिंदुस्थानी आणि मराठी ह्या दोन्ही भाषांच्या परीक्षा दिल्या व ते उत्तीर्ण झाले. सरकारदरबारी त्यांना मराठी येते, असे ठरले.

बहुतेक माणसे येथेच थांबली असती. मोल्सवर्थ यांना मात्र परीक्षा उत्तीर्ण होणे आणि भाषा येणे ह्यांतील अंतर दिसले असावे. कारण परीक्षेनंतर त्यांनी जे आरंभिले, त्याची कोणत्याही परीक्षेने मागणी केलेली नव्हती. १८१८ च्या सुमारास सोलापुरास असताना ते मराठी शब्द टिपून ठेवू लागले.

हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली. आपले नाशिक, त्र्यंबक आणि भोवतालचा मुलूख त्याच वर्षी इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यापूर्वी मराठी ही कंपनीच्या दृष्टीने शेजारच्या राज्याची भाषा होती. आता ती स्वतःच्या रयतेची भाषा झाली. जमाबंदी मराठीत, तक्रारअर्ज मराठीत, जुने दप्तर सगळे मोडीत. अशा वेळी एखाद्या शब्दाचा अर्धामुर्धा अर्थ ठाऊक असणे हे मुळीच न ठाऊक असण्यापेक्षा अधिक धोक्याचे ठरते. मिरासी आणि उपरी हे दोन शब्द घ्या. दोघेही शेत कसणारे आणि सारा भरणारे. वरवर पाहणाऱ्या परक्या अंमलदाराला दोघेही शेतकरीच. पण मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे, गावात त्याला मान असे, आणि उपरी हा बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. ह्या दोन शब्दांना एकच इंग्रजी प्रतिशब्द लावून मोकळा होणारा साहेब शब्दांच्या परीक्षेत कदाचित उत्तीर्ण झाला असता. एखाद्या कुणब्याची वाडवडिलांची जमीन मात्र त्या उत्तीर्ण होण्यापायी धोक्यात आली असती. शब्द नीट येणे वा न येणे ह्याला त्या काळात अशी किंमत होती.

मोल्सवर्थ यांच्यापूर्वी ह्या क्षेत्रात कोणी काही केले नव्हते, असे नाही. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला होता. त्या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांना साहाय्य होते. पण श्रीरामपूर कोठे आणि महाराष्ट्र कोठे! शेकडो कोस दूर बसून केलेला तो कोश साहजिकच आटोपशीर राहिला. मुंबईत व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ साली निघाला. तोही लहानच. मराठी जेथे बोलली जाते, तेथे राहून, ती बोलणाऱ्यांना विचारून, तिचा संपूर्ण शब्दसंग्रह करण्याचे काम अजून व्हावयाचे होते.

मोल्सवर्थ यांनी ही योजना मुंबई सरकारपुढे मांडली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. देशी भाषांतून शिक्षण देण्याच्या कल्पनेला त्यांचा पाठिंबा होता. १८२५ च्या सुमारास योजनेला मान्यता मिळाली आणि काम रीतसर सुरू झाले. मोल्सवर्थ यांच्या मदतीला जॉर्ज कँडी व टॉमस कँडी हे जुळे बंधू आले आणि ह्या तिघा इंग्रजांच्या सोबत शास्त्री-पंडितांचे मंडळ बसले.

ह्या मंडळाची आठवण आपण विशेष आदराने ठेवली पाहिजे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले ही त्या काळच्या कोशकार्यातील नावे होत. ह्या मंडळींनी मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच देणारा एक कोशही सिद्ध केला. तो १८२९ साली प्रसिद्ध झाला आणि पंडितांचा कोश म्हणून ओळखला जातो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती मुंबईस छापून निघाली. तीत सुमारे चाळीस हजार शब्द होते.

चाळीस हजार हा आकडा डोळे दिपविणारा आहे. पण शब्द जमविणे हा ह्या कामातला सोपा भाग होता, असे मला वाटते. अवघड भाग होता तो पारखण्याचा. परक्या माणसाने एखाद्या विद्वानास अपरिचित शब्दाचा अर्थ विचारला तर काय होते, हे आपण सहज ताडू शकतो. ठाऊक नाही असे म्हणणे विद्वानाच्या जिवावर येते. संस्कृत धातू हाताशी असतो. त्यावरून ओढूनताणून अर्थ बसविता येतो. तो अर्थ व्याकरणाने शुद्ध असेल, पण लोक त्या अर्थाने तो शब्द वापरत नसतील. उलट, रोजच्या बोलण्यातला एखादा रांगडा शब्द शास्त्रीबुवांना पूर्ण ठाऊक असेल, पण तो कोशात घालावयास त्यांचे मन धजणार नाही. म्हणजे कोशकाराला नुसत्या शब्दाची परीक्षा घेऊन भागत नाही. शब्द सांगणाऱ्याचीही घ्यावी लागते. एकाला विचारलेले दुसऱ्याला विचारावे, कोकणातल्याचे देशावरच्याकडून पडताळून पाहावे, पोथीतला शब्द बाजारात चालतो का ते पाहावे, हाच त्यावर उपाय. मोल्सवर्थ यांच्या कोशाची पाने चाळली की ह्या पारखण्याच्या खुणा जागोजाग आढळतात. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की अरबी-फारसीतून, तो सर्रास चालतो की क्वचित, कवितेतच आढळतो की बोलण्यात, सभ्य आहे की ग्राम्य, ह्यांची नोंद ते करीत जातात. नामाचे लिंग देतात. मग अर्थ, आणि अर्थानंतर तो शब्द ज्या ज्या संगतीत वावरतो ती संगत.

ही संगत देण्यातच मोल्सवर्थ यांचे मोठेपण आहे. अंग, हात, डोळा, तोंड, पोट ह्यांसारख्या शब्दांचा अर्थ परक्या मुलालाही एका दिवसात शिकविता येईल. शरीराकडे बोट दाखविले की झाले. पण अंग चोरणे, अंग काढून घेणे, अंगावर येणे, अंगवळणी पडणे ह्यांतले अंग कोणत्याही बोटाने दाखविता येत नाही. 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वाट लागते, गळ्यातला सूर लागतो, गाय लाथ मारू लागते. प्रत्येक ठिकाणी क्रियापद तेच आणि काम निराळे. अशा क्रियापदांखाली मोल्सवर्थ यांनी अर्थामागून अर्थ मांडले आहेत. ते वाचताना आपल्यालाच आपल्या भाषेचे नवल वाटू लागते. आपण हे सगळे अर्थ बिनचूक वापरतो. पण कोणी विचारले तर त्यांतले चार-सहाच सांगू शकू. त्यांना ते एकेक करून वेचावे लागले, म्हणूनच ते दिसले.

लिंगाचेही तसेच. 'माझा वेळ गेला' आणि 'माझी वेळ गेली' ही दोन वाक्ये मराठी मुलाच्या कानाला निराळी लागतात. पहिल्यात काही तास वाया गेले आहेत. दुसऱ्यात संधी हुकली आहे. वेळ म्हणजे काळ एवढेच पाठ केलेल्या परक्या विद्यार्थ्याला हा फरक कोण सांगणार? आणि ध्वनीवरून झालेले शब्द तर परक्याची कसोटीच पाहतात. चैत्र-वैशाखात आपली गोदावरी झुळझुळते, पाऊस पडू लागला की खळखळते आणि श्रावणात वरून पाणी सुटले की घोंघावते. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत पाण्याचा आवाज एवढेच सांगून भागविता येईल. पण झुळझुळणाऱ्या नदीला पूर आला असे म्हणणारा माणूस मराठी शिकला असे आपण म्हणणार नाही. मोल्सवर्थ यांनी अशा अनुकरणवाचक शब्दांना पोरकट म्हणून बाजूस सारले नाही. त्यांनी त्यांना मोठ्या आस्थेने जागा दिली.

पहिल्या कोशानंतर काम अर्धे झाले होते. मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगणारा कोश तयार होता. आता इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देणारा कोश हवा होता. वरवर पाहता हे सोपे वाटते. चाळीस हजार शब्दांचे भांडार हाती आहे, ते उलटे फिरविले की झाले! प्रत्यक्षात तसे होत नाही. वाचताना भेटलेला शब्द ओळखणे वेगळे आणि बोलताना हवा तो शब्द नेमका हाती येणे वेगळे. ओळखताना शब्द समोर उभा असतो, आजूबाजूचे वाक्य मदत करते. योजताना समोर काहीच नसते. परकी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला हा अनुभव आहे: वाचून कळणारे शब्द पुष्कळ आणि तोंडी येणारे त्यामानाने फार थोडे. शिवाय इंग्रजीतल्या कितीतरी कल्पनांना तेव्हाच्या मराठीत तयार शब्दच नव्हता. तेथे नुसता शोध पुरेसा नव्हता, नवा शब्द घडवावा लागत होता. आणि घडविलेला शब्द लोक स्वीकारतील की नाही, ह्याची हमी कोणी देऊ शकत नव्हते.

ह्या दुसऱ्या कामाने मोल्सवर्थ यांची प्रकृती खचली. १८३६ च्या सुमारास काम अपुरे टाकून त्यांना इंग्लंडला परतावे लागले. टॉमस कँडी यांनी ते नेटाने पुढे चालविले आणि इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. त्यावर मोल्सवर्थ आणि कँडी अशी दोघांचीही नावे आहेत.

मधल्या काळात त्यांच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट घडली. मोल्सवर्थ अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. ख्रिस्ताचा उपदेश आणि सैनिकाचा पेशा ह्यांचा मेळ आपल्या मनाशी बसत नाही असे ठरल्यावर त्यांनी आपला लष्करी हुद्दा सोडला आणि त्यापोटी मिळणारे निवृत्तिवेतनही घेण्याचे नाकारले. १८३१ च्या कोशाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ असे नाव आहे. १८५७ च्या आवृत्तीवर नुसते जे. टी. मोल्सवर्थ. एका शब्दाचा फरक. पण ज्या माणसाने आयुष्यभर शब्दाशब्दाची किंमत केली, त्याने तो एक शब्द पुसताना केवढी किंमत मोजली असेल, ह्याची कल्पना करता येते.

१८५१ साली ते पुन्हा हिंदुस्थानात आले. आता ते सैनिक नव्हते. पंचावन्न वर्षांचे वय, मोडलेली प्रकृती, आणि काम एकच: पहिल्या कोशाची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढणे. मधल्या वीस वर्षांत महाराष्ट्र बदलला होता. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण निघाले होते. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले होते. शाळाखात्याची पुस्तके छापली जात होती. नाशकात १८३२ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांचे ठाणे पडले होते आणि १८४० साली आपल्या गावचे सार्वजनिक वाचनालय सुरू झाले होते. मराठी गद्य छापखान्याच्या तोंडाने बोलू लागले होते आणि नवे शब्द वापरात येत होते. १८३१ साली शंभर टक्के गुण मिळविलेला विद्यार्थी १८५१ साली पुन्हा परीक्षेस बसला, असाच हा प्रकार होता. महाबळेश्वर आणि पुणे येथे राहून मोल्सवर्थ यांनी सहा वर्षे हे काम केले. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली. शब्दसंख्या चाळीस हजारांवरून साठ हजारांवर गेली होती. कोशाच्या आरंभी डॉ. जॉन विल्सन यांचा मराठी भाषेविषयीचा निबंध जोडला होता. काही वर्षांनी मोल्सवर्थ इंग्लंडला परत गेले आणि १३ जुलै १८७१ रोजी त्यांचे निधन झाले.

कोशाची उणीव सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. मोल्सवर्थ यांचे साहाय्यक शास्त्री-पंडित होते, ब्राह्मण होते. पुणे आणि कोकण येथील शिष्टांची बोली त्यांच्या जिभेवर होती. कुणबी, कोळी, महार, धनगर ह्यांच्या घरांतले शब्द, बायकांच्या ओव्यांतले आणि माजघरातले शब्द, आपल्या जिल्ह्याच्या बागलाणकडील किंवा सुरगाणा-पेठच्या डोंगरातले शब्द ह्या मंडळींच्या कानांवरून जेवढे गेले, तेवढेच त्यांच्याकडून कोशापर्यंत पोहोचणार. ग्राम्य शब्दांनाही जागा देण्याइतके औदार्य मोल्सवर्थ यांच्यापाशी होते. पण ग्राम्य कोणते, हे ठरविणारे कान मात्र शिष्टांचे होते. भाषेची परीक्षा कोणाच्या भाषेवरून घ्यावयाची हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला एखादा शब्द अडला, तर त्याचा शब्दसंग्रह अपुरा आहे असे गुरुजी चटकन लिहून मोकळे होतात. तो मुलगा ज्या शेकडो शब्दांत पारंगत आहे, त्यांची प्रश्नपत्रिका कोणी काढलेलीच नसते.

आता पुन्हा आपल्या वहीतल्या यादीकडे येऊ. एखाद्याला एखाद्या भाषेतले किती शब्द येतात, हे मोजण्याची एक जुनी पद्धत कोशावरूनच निघाली. मोल्सवर्थ यांच्या दुसऱ्या आवृत्तीत कोशाची पाने सुमारे ९२० आणि शब्द साठ हजार. म्हणजे पानाला सरासरी पासष्ट शब्द. दर सेहेचाळिसावे पान उघडले तर वीस पाने मिळतील, तेरा-एकशे शब्द होतील. त्यांतले सातशे ऐंशी आले तर शेकडा साठ. म्हणजे साठ हजारांपैकी छत्तीस हजार शब्द येतात असा अंदाज. हिशेब सोपा आणि मोहक आहे. पण कोश जितका मोठा तितका आकडा फुगतो, लांबलचक नोंद असलेले नेहमीचे शब्द पाने अडवून बसतात, आणि सर्वांत मोठी अडचण ही, की शब्द 'आला' हे ठरविणारा परीक्षक बहुधा आपणच असतो.

विसाव्या शतकात ह्या मोजमापाचे स्वतंत्र शास्त्र झाले. त्याची एक मुळी आपल्या उपखंडातच आहे. ढाक्यास शिक्षकांना शिकविणारे मायकेल वेस्ट यांनी, परक्या विद्यार्थ्याने इंग्रजीतले कोणते शब्द आधी शिकावे ह्याचा ध्यास घेतला. त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी १९८३ साली शब्दांच्या पायऱ्या पाडणारी चाचणी तयार केली: नेहमीचे पहिले दोन हजार, मग तीन हजार, पाच हजार, दहा हजार. प्रत्येक पायरीवर सहा शब्दांतून तीन अर्थांना जुळणारे शब्द निवडावयाचे. विद्यार्थ्याचे पाऊल कोणत्या पायरीवर घसरते ते त्यावरून कळते. पॉल मिआरा यांनी तर गमतीची युक्ती केली. विद्यार्थ्याने यादीतील ज्ञात शब्दांवर खूण करावयाची; पण यादीत काही बनावट शब्द मुद्दाम मिसळलेले. जो बनावट शब्दही आपल्याला येतो म्हणतो, त्याच्या इतर दाव्यांतूनही तेवढी वजावट करावयाची. सर्वज्ञाचा आव आणणाऱ्याला पारखण्याचा जो प्रश्न कोशकारापुढे असतो, त्याचेच हे नव्या काळातले उत्तर होय.

पुढे असेही लक्षात आले, की शब्द येतो किंवा येत नाही अशा दोनच अवस्था नसतात. १९९६ साली वेश आणि पारिबख्त ह्या दोन संशोधिकांनी पाच पायऱ्या मांडल्या. आपल्या गावचा 'सिंहस्थ' हा शब्द घेऊन त्या पाहू. शब्द कधी पाहिलाच नाही, ही पहिली. पाहिला आहे पण अर्थ ठाऊक नाही, ही दुसरी. बहुधा असा अर्थ असावा, ही तिसरी. अर्थ नक्की ठाऊक आहे, ही चौथी: गुरू सिंह राशीत असण्याचा काळ. आणि वाक्यात वापरता येतो, ही पाचवी. पण पंचवटीतल्या माणसाला ह्या शब्दात आणखी कितीतरी ऐकू येते: रामकुंडावरची गर्दी, आखाड्यांच्या मिरवणुका, पाहुण्यांनी भरलेले घर, पुढे ढकललेली लग्ने आणि बारा वर्षांपूर्वीची आठवण. ही सहावी पायरी कोणत्याही प्रश्नपत्रिकेत बसत नाही. मात्र मोल्सवर्थ यांच्यासारखा माणूस चाळीस वर्षे तिच्याच दिशेने चढत असतो.

गोदावरीला पूर आला की पाणी किती आले हे आपण नाशिककर नदीची रुंदी मोजून सांगत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले असे सांगतो. शब्दांचेही तसेच आहे. पात्र किती रुंद आहे हे शब्दसंख्येवरून कळेल. पाणी किती चढले आहे हे एकेका शब्दाशी उभे राहूनच पाहावे लागते. दोन्ही मापे हवीत. साठ हजारांची रुंदी नसती तर मोल्सवर्थ यांचा कोश कोश झाला नसता. आणि 'लागणे' ह्या एका शब्दापाशी थांबण्याची खोली नसती तर तो नुसती यादी झाला असता.

मोल्सवर्थ यांच्या कोशावरून बाबा पदमनजी यांनी १८६३ साली संक्षिप्त कोश केला. विसाव्या शतकातील महाराष्ट्र शब्दकोशाच्या कर्त्यांनाही त्याचा आधार घ्यावा लागला. १९७५ साली पुण्यात त्याचे पुनर्मुद्रण झाले, आणि आज तो संगणकावरही पाहता येतो. तेव्हा तो हाती लागणे अवघड नाही. वाचकांना एकच सुचवावेसे वाटते. ह्या कोशाचे कोणतेही एक पान उघडा आणि त्यातील शब्द वाचत चला. ज्यांचा अर्थ ठाऊक नाही ते मोजा. ज्यांचा अर्थ ठाऊक आहे पण जे आपण वर्षभरात एकदाही तोंडातून काढले नाहीत तेही मोजा. इंग्रजीच्या यादीवर आपण जो तळहात ठेवतो, तोच एकदा मराठीच्या पानावर ठेवून पाहावा. एका परक्या सैनिकाने हुद्दा, पेन्शन आणि प्रकृती ह्यांपेक्षा ज्यांची किंमत अधिक मानली, ते शब्द आपल्या तळहाताखालून किती निघतात, हे ज्याचे त्याने मोजावे. त्या परीक्षेला दुसरा परीक्षक नाही.